एका चुकीची किंमत किती?
तिखोनोव्हची चार सुवर्णपदके आणि न मिळालेले पाचवे

बर्फावरचे खेळ आपल्या विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसतात. ज्या प्रदेशात बर्फच पडत नाही तेथे स्की पायांना बांधून धावण्याची कल्पना रुजणार तरी कशी? तरीही या खेळांपैकी एकाच्या इतिहासात एक कोडे आहे. साधी वजाबाकी येणाऱ्या कोणालाही ते सोडवता येईल, आणि ते सोडवताना आपण वर्गात रोज जे करतो त्याच्याकडेही थोडे वळून पाहावे लागते. म्हणून ते येथे मांडत आहोत.

कोडे असे. अलेक्झांडर तिखोनोव्ह हा सोव्हिएत संघाचा खेळाडू १९६८, १९७२, १९७६ आणि १९८० अशा लागोपाठ चार हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला आणि चारही वेळा सुवर्णपदक घेऊन परतला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये असे लागोपाठ चार वेळा करून दाखवणारा तो पहिलाच. पण ही चारही पदके रिलेची, म्हणजे चौघांच्या संघाने मिळवलेली. एकट्याच्या शर्यतीत त्याला ऑलिंपिकचे सुवर्ण एकदाही मिळाले नाही. हा माणूस एकटा कमी पडत होता म्हणावे, तर तेही खरे नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत त्याने अकरा सुवर्णपदके मिळवली, त्यांतली पाच एकट्याची आहेत. मग ऑलिंपिकमध्येच असे का व्हावे?

'ज्याचे त्याचे नशीब' हे उत्तर सोपे आहे. पण शर्यतींचे आकडे उपलब्ध असताना नशिबाकडे जाण्याची घाई कशाला?

खेळ कसा आहे

या खेळाचे नाव बायथलॉन. 'बाय' म्हणजे दोन. यात दोन कामे करायची असतात : बर्फावरून स्कीने धावणे आणि रायफलीने नेम मारणे. रायफल पाठीवर बांधलेली असते. काही किलोमीटर धावून खेळाडू नेमबाजीच्या मैदानावर येतो, पाच गोळ्या झाडतो आणि पुन्हा धावू लागतो. याचे मूळ लष्करी आहे. नॉर्वेच्या सीमेवरील सैनिकांत अशा स्पर्धा अठराव्या शतकापासून होत असत. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा 'लष्करी गस्त' या नावाने याच जातीची स्पर्धा तेथे होती. आजच्या स्वरूपातील बायथलॉनची पहिली जागतिक स्पर्धा १९५८ साली ऑस्ट्रियात झाली आणि १९६० साली अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

तिखोनोव्हच्या काळात एकट्याची मुख्य शर्यत २० किलोमीटरची होती. खेळाडू ठराविक अंतराने एकामागून एक सुटतात, त्यामुळे प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. वाटेत चार वेळा थांबून पाच-पाच, म्हणजे एकूण वीस गोळ्या झाडायच्या. त्यांतल्या दहा पालथे पडून आणि दहा उभ्याने. लक्ष्य १५० मीटरवर असे. त्यावर आतले व बाहेरचे अशी दोन वर्तुळे असत. गोळी आतल्या वर्तुळात लागली तर दंड नाही. बाहेरच्या वर्तुळात लागली तर एक मिनिट आणि लक्ष्याबाहेरच गेली तर दोन मिनिटे खेळाडूच्या वेळेत मिळवली जात. शेवटी ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी तो विजेता.

म्हणजे या शर्यतीचा निकाल एका बेरजेने लागतो :

एकूण वेळ = मैदानावर प्रत्यक्ष लागलेली वेळ + दंडाची वेळ

बेरजेतला पहिला भाग निसर्गाच्या नियमांनी ठरतो : माणसाचे स्नायू, बर्फाचे घर्षण, चढ-उतार. दुसरा भाग माणसांनी ठरवलेला आहे. एका चुकीला एक मिनिटच का? पंचेचाळीस सेकंद का नाही? याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. आमच्या कोड्याची किल्ली येथेच आहे, पण तिच्याकडे येण्यापूर्वी ही दोन कामे एकाच शरीराला किती जड जातात ते पाहू.

धावणारे हृदय आणि स्थिर हात

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. आजच्या बायथलॉनमध्येही अंतर ५० मीटरच असते आणि काडतूसही त्याच लहान, पॉइंट २२ व्यासाच्या जातीचे. स्वप्नीलसारख्या नेमबाजाचे लक्ष्य खूपच बारीक असते. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मि.मी. व्यासाचे. बायथलॉनमध्ये पालथे पडून मारायच्या लक्ष्याचा व्यास ४५ मि.मी. आणि उभ्याने मारायच्या लक्ष्याचा ११५ मि.मी. असतो. मग बायथलॉनची नेमबाजी सोपी म्हणायची का?

फरक आहे तो नेमबाजाच्या शरीराच्या अवस्थेत. नुसता नेमबाज शांत उभा राहतो, श्वास संथ करतो, हृदयाचे ठोके खाली येऊ देतो. बायथलॉनचा खेळाडू चढ चढून धापा टाकत येतो. त्याचे हृदय मिनिटाला १६० ते १८० वेळा धडधडत असते. मिनिटाला १६० ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ०.३७५ सेकंद. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची लाट शरीरभर जाते आणि खांद्याला टेकलेली रायफल किंचित हलते. छाती वरखाली होत असते ती वेगळीच. थांबून ठोके कमी होऊ द्यावेत, तर घड्याळ थांबलेले नसते.

रायफल किती हलली तर चालेल, हे वर्गात काढता येते. रायफल सुमारे एक मीटर लांब धरू. तिचा दस्ता खांद्याशी स्थिर राहिला आणि नळीचे टोक एक मि.मी. बाजूला सरकले, तर ५० मीटरवर गोळी ५० मि.मी. बाजूला जाईल. हे समरूप त्रिकोणांचे साधे उदाहरण आहे. पालथे पडून मारायच्या लक्ष्याची त्रिज्या २२.५ मि.मी. आहे. म्हणजे मध्यावर नेम धरलेला असताना नळीचे टोक ०.४५ मि.मी. हून जास्त सरकले की नेम चुकला. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! उभ्याने मारताना १.१५ मि.मी. ची सूट मिळते. पण तेव्हा कोपरांना जमिनीचा आधार नसतो, रायफल थकलेल्या स्नायूंवरच तोललेली असते.

तिखोनोव्हच्या कारकिर्दीतील बहुतेक वर्षे रायफल याहून अवघड होती. १९७७ पर्यंत मोठ्या, लष्करी जातीच्या काडतुसांच्या रायफली वापरत असत. त्या जड, आणि गोळी सुटली की खांद्याला धक्का देणाऱ्या. ५० मीटर अंतर आणि लहान काडतूस हा बदल १९७८ साली झाला. दोन्ही काळांत खेळलेल्या थोड्या खेळाडूंपैकी तिखोनोव्ह एक आहे.

उरलचा धावपटू

तिखोनोव्हचा जन्म २ जानेवारी १९४७ चा, उरल पर्वतराजीच्या परिसरातील चेल्याबिन्स्क प्रांतात उईस्कोये या गावचा. त्याने सुरुवात केली ती नुसता स्कीवर धावणारा म्हणून. रायफल नंतर हाती आली. हा क्रम पुढच्या सगळ्या हकिगतीत लक्षात ठेवावा. सोव्हिएत बायथलॉन संघाचा प्रशिक्षक तेव्हा अलेक्झांडर प्रिवालोव्ह होता. त्याने स्वतः १९६० च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि १९६४ मध्ये रौप्य मिळवले होते. १९६४ चे सुवर्णही व्लादिमीर मेलानिन या सोव्हिएत खेळाडूलाच मिळाले होते आणि त्याच्या खात्यात दंडाचे एकही मिनिट नव्हते.

पहिल्या ऑलिंपिक शर्यतीने, म्हणजे १९६० सालच्या शर्यतीने, या खेळाचा धडा आधीच घालून दिला होता. तेव्हा प्रत्येक चुकीला दोन मिनिटे दंड होता. स्कीवर सर्वांत वेगवान ठरलेला फ्रान्सचा व्हिक्टर आर्बे वीसपैकी अठरा नेम चुकला आणि दंडाच्या ३६ मिनिटांखाली दबून गेला. सुवर्ण मिळाले स्वीडनच्या क्लास लेस्टांडरला. धावण्यात तो पहिल्या दहांतही नव्हता, पण त्याचे वीसही नेम बरोबर लागले होते.

आता तिखोनोव्हच्या तीन शर्यती पाहू.

ग्रनोबल, १९६८

एकवीस वर्षांचा तिखोनोव्ह प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला. सुवर्ण जिंकले नॉर्वेच्या माग्नार सोलबर्गने. सोलबर्ग तेव्हा एकतीस वर्षांचा, पेशाने पोलीस. लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्याच्या प्रशिक्षकाने त्याला मुंग्यांच्या वारुळावर पालथे पाडून नेम मारायला लावले, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. सरावाचे फळ मिळाले हे नक्की, कारण त्याच्या खात्यात दंडच नव्हता. त्याची वेळ १ तास १३ मिनिटे ४५.९ सेकंद. तिखोनोव्हची एकूण वेळ १ तास १४ मिनिटे ४०.४ सेकंद, त्यात दंड दोन मिनिटांचा. तो ५४.५ सेकंदांनी हरला आणि त्याला रौप्य मिळाले.

दंड वजा करून पाहा. मैदानावर तिखोनोव्हला लागलेली वेळ १ तास १२ मिनिटे ४०.४ सेकंद होते. म्हणजे तो सोलबर्गपेक्षा ६५.५ सेकंदांनी वेगवान होता. २० किलोमीटरांत ६५.५ सेकंद, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ३.३ सेकंद. या हिशेबाने दंडाचे एक मिनिट भरून काढायला त्याला १८ किलोमीटरांहून अधिक धावावे लागणार होते. जवळजवळ सगळ्या शर्यतीत कमावलेली आघाडी दंडाच्या एका मिनिटात जात होती, आणि त्याच्या खात्यात अशी दोन मिनिटे होती.

साप्पोरो, १९७२

मधल्या काळात तिखोनोव्हने १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोन वर्षे २० किलोमीटरचे जागतिक अजिंक्यपद मिळवले होते. जपानमधील साप्पोरोला तो आला तो या शर्यतीतला एक मोठा खेळाडू म्हणून. पुन्हा सोलबर्गच जिंकला. त्याची वेळ १ तास १५ मिनिटे ५५.५० सेकंद, दंड दोन मिनिटे. तिखोनोव्हची वेळ १ तास १६ मिनिटे ४८.६५ सेकंद, दंड चार मिनिटे. या खेपेस तो चौथा आला, कांस्यपदक २१.६२ सेकंदांनी हुकले.

पुन्हा दोघांचे दंड वजा करा. तिखोनोव्ह सोलबर्गपेक्षा ६६.८५ सेकंदांनी वेगवान निघतो. चार वर्षांपूर्वी हाच आकडा ६५.५ होता! दोन वेगळे देश, दोन वेगळे मार्ग, चार वर्षांनी वाढलेली वये, तरी दोघांमधला फरक जवळजवळ जसाच्या तसा. आणि दोन्ही वेळा तिखोनोव्हच्या खात्यात सोलबर्गपेक्षा दोन मिनिटे जास्त दंड.

इन्सब्रुक, १९७६

आता सोलबर्ग नव्हता. तिखोनोव्हने १९७३ साली तिसऱ्यांदा जागतिक अजिंक्यपद मिळवले होते. या शर्यतीत दंड वजा करता त्याची वेळ १ तास १० मिनिटे १८.३३ सेकंद आली. सुवर्ण जिंकणारा त्याचाच सहकारी निकोलाय क्रुग्लोव्ह याची दंड वजा केलेली वेळ १ तास १२ मिनिटे १२.२६ सेकंद होती. जवळजवळ दोन मिनिटांची आघाडी! पण क्रुग्लोव्हला दंड दोन मिनिटांचा आणि तिखोनोव्हला सात मिनिटांचा झाला. तिखोनोव्ह पाचवा आला.

तीन ऑलिंपिक, साठ गोळ्या, तेरा मिनिटे दंड, एक रौप्य.

तोच माणूस, वेगळा नियम

आता या तीन ऑलिंपिकमधील, आणि चौथ्यातीलही, रिले शर्यती पाहू. रिलेत चौघे आळीपाळीने साडेसात-साडेसात किलोमीटर धावतात. प्रत्येक जण दोनदा थांबतो आणि दर वेळी पाच लक्ष्ये पाडतो. नियमातील महत्त्वाचा फरक असा की, रिलेत पाच लक्ष्यांसाठी आठ काडतुसे मिळतात. एखादा नेम चुकला तर जादा काडतूस भरायचे आणि पुन्हा मारायचे. यात काही सेकंद जातात, इतकेच. तीनही जादा काडतुसे संपून लक्ष्य उभेच राहिले, तर त्या प्रत्येक लक्ष्यामागे दंडाची एक छोटी फेरी धावावी लागते. आज ही फेरी १५० मीटरची असते आणि चांगला खेळाडू ती सुमारे अर्ध्या मिनिटाच्या आत पुरी करतो.

म्हणजे चूक तीच, पण किंमत वेगळी. आणि दंड मिनिटांत न भरता धावून भरायचा आहे, म्हणजे तिखोनोव्हचा जो गुण सर्वांत मोठा त्याच गुणाने भरायचा आहे. शिवाय चौघांपैकी एकाचे जरा बिघडले तर उरलेले तिघे ते सावरू शकतात.

निकाल सर्वांना माहीत आहेत. १९६८ साली तिखोनोव्ह, पुझानोव्ह, मामातोव्ह आणि गुंदार्त्सेव्ह यांच्या संघाने नॉर्वेला १ मिनिट ४७.८ सेकंदांनी हरवले. १९७२ साली फिनलंड २ मिनिटे ५२.३३ सेकंद मागे राहिले. या शर्यतीची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते : तिखोनोव्हची स्की वाटेत मोडली, तो काही अंतर एकाच स्कीवर गेला आणि पूर्व जर्मनीच्या डीटर श्पेअरने त्याला आपली स्की दिली. पूर्व जर्मनी त्याच शर्यतीत प्रतिस्पर्धी होता आणि शेवटी त्याला कांस्यपदक मिळाले. १९७६ साली फिनलंडवरची आघाडी ३ मिनिटे ४९.९४ सेकंदांची होती.

यावर कोणी म्हणेल की, रिलेत इतर तिघेही उत्तम होते, मग यातून तिखोनोव्हविषयी काय सिद्ध होते? आक्षेप रास्त आहे. त्यासाठी आणखी एक पुरावा पाहावा लागेल. १९७४ पासून जागतिक स्पर्धेत एकट्याची १० किलोमीटरची छोटी शर्यतही सुरू झाली. तिच्यात दोनदाच थांबायचे असते, जादा काडतुसे नसतात, पण प्रत्येक चुकीला मिनिटाऐवजी दंडाची एक फेरी असते. १९७६ साली ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हती. तिचे जागतिक अजिंक्यपद त्याच हिवाळ्यात इटलीतील आंटहोल्झ येथे स्वतंत्रपणे झाले. ते जिंकले तिखोनोव्हने! पुढच्या वर्षी, १९७७ सालीही त्यानेच जिंकले. एकच माणूस, एकच हिवाळा. जेथे चुकीला मिनिट मोजावे लागले तेथे पाचवा, जेथे फेरी धावावी लागली तेथे पहिला.

जर दंड अर्धा असता

आता एक काल्पनिक प्रयोग करू. २० किलोमीटरच्या शर्यतीत दंड निम्मा असता, म्हणजे जेथे एक मिनिट मिळवले तेथे अर्धे मिनिट मिळवले असते, तर त्या तीन शर्यतींतील पदकविजेते आणि तिखोनोव्ह यांचा क्रम कसा लागला असता?

१९६८ : सोलबर्ग १ तास १३ मिनिटे ४५.९ सेकंद, तिखोनोव्ह १ तास १३ मिनिटे ४०.४ सेकंद. तिखोनोव्ह ५.५ सेकंदांनी पहिला.

१९७२ : सोलबर्ग १ तास १४ मिनिटे ५५.५० सेकंद, तिखोनोव्ह १ तास १४ मिनिटे ४८.६५ सेकंद. तिखोनोव्ह ६.८५ सेकंदांनी पहिला.

१९७६ : क्रुग्लोव्ह १ तास १३ मिनिटे १२.२६ सेकंद, तिखोनोव्ह १ तास १३ मिनिटे ४८.३३ सेकंद. क्रुग्लोव्हच पहिला, तिखोनोव्ह पाचव्याऐवजी दुसरा.

गोळ्या त्याच, वेळा त्याच. फक्त एक गुणक बदलला आणि दोन सुवर्णपदके नॉर्वेतून उचलून उरलमध्ये आली.

हा निष्कर्ष ऐकायला आकर्षक असला तरी तो जपून वापरला पाहिजे. विद्यार्थ्यांशी बोलताना त्यातल्या दोन अडचणी जरूर सांगाव्यात. पहिली : 'दंड वजा केलेली वेळ' म्हणजे नुसती धावण्याची वेळ नव्हे. तिच्यात नेम धरायला लागलेली वेळही आहे. सोलबर्ग नेम धरताना अधिक वेळ घेत असेल, तर त्या ६५.५ सेकंदांतला काही भाग धावण्याच्या वेगातला नसून सावधपणाला दिलेला आहे. दुसरी अडचण याहून मोठी आहे. नियम बदलला की माणसेही आपली रीत बदलतात. दंड अर्धा आहे असे ठाऊक असते, तर सोलबर्गने कदाचित नेम कमी वेळात धरला असता आणि धावण्यावर अधिक भर दिला असता. एका नियमाखाली खेळलेली शर्यत दुसऱ्या नियमाने मोजणे हे गणित म्हणून बरोबर आहे; 'असेच झाले असते' असे म्हणण्याचा अधिकार ते देत नाही.

शिवाय सोलबर्गवर अन्याय करून चालणार नाही. नियम सर्वांना आधी ठाऊक होते. त्या नियमांत जे सर्वांत महाग होते ते त्याने ओळखले आणि त्याचाच सराव केला. १९७२ मध्ये पस्तिसाव्या वर्षी त्याने पुन्हा सुवर्ण जिंकले, ते उगाच नव्हे. आणि १९७६ चा निकाल अर्ध्या दंडानेही उलटला नाही, हेही तितकेच बोलके आहे. सात मिनिटांचा दंड निम्मा केला तरी साडेतीन मिनिटे उरतात. नियमाला दोष देण्यालाही मर्यादा आहेत.

लेक प्लॅसिड, १९८०

१९७८ पासून रायफल बदलली, अंतर बदलले आणि प्रतिस्पर्धीही बदलले. १९७८ आणि १९७९ या दोन्ही वर्षी जागतिक रिले पूर्व जर्मनीने जिंकली. १९८० साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथील उद्घाटन सोहळ्यात सोव्हिएत संघाचा ध्वज तेहतीस वर्षांच्या तिखोनोव्हच्या हाती होता. १० किलोमीटरची शर्यत या वेळी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली होती. चार वर्षांपूर्वी तो या शर्यतीत जगात पहिला होता, पण आता तो पदकाच्या जवळपासही नव्हता. सुवर्ण पूर्व जर्मनीच्या फ्रांक उलरिखने नेले. ज्या शर्यतीचा नियम त्याच्या अंगाला बसत होता ती ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा त्याचा काळ निघून गेला होता.

रिलेत मात्र अलिकिन, तिखोनोव्ह, बार्नाशोव्ह आणि अल्याब्येव्ह यांनी पूर्व जर्मनीला ५३.७२ सेकंदांनी मागे टाकले. चार शर्यतींतली ही सर्वांत निसटती आघाडी होती. हेच त्याचे चौथे सुवर्ण. यानंतर तो स्पर्धांतून निवृत्त झाला. पुढे तो रशियाच्या बायथलॉन संघटनेचा अध्यक्ष झाला आणि त्याचे सार्वजनिक आयुष्य बरेच वादाचेही ठरले. पण तो या लेखाचा विषय नाही.

वर्गात

हे सर्व येथे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आता सांगतो. गुण देताना आपणही चुकीची किंमत ठरवत असतो. गणिताच्या पाच गुणांच्या उदाहरणात रीत संपूर्ण बरोबर आहे आणि शेवटच्या ओळीत बेरीज चुकली आहे. एक शिक्षक चार गुण देतात, दुसरे शून्य. चुकीच्या उत्तराला गुण वजा करणाऱ्या प्रवेशपरीक्षेत धाडसाने उत्तरे देणारा मुलगा मागे पडतो आणि प्रश्न सोडून देणारा पुढे जातो. गुण वजा न करणाऱ्या परीक्षेत याच्या उलट होते. दोन्ही वेळा आपण निकालाच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणतो, 'हा हुशार, हा कच्चा.' त्या कागदावर मुलाचे ज्ञान असते, तसा आपण निवडलेला गुणकही असतो. मुलाला मात्र पहिलाच भाग आपला वाटतो आणि शून्याचे सगळे ओझे तो स्वतःकडे घेतो.

दंड नसावा असे आमचे म्हणणे नाही. बायथलॉनमधून दंड काढून टाकला तर ती नुसती धावण्याची शर्यत होईल आणि रायफल पाठीवरचे ओझे ठरेल. दंड फारच वाढवला तर धावण्याला अर्थ राहणार नाही. १९६० साली प्रत्येक चुकीला सरसकट दोन मिनिटे होती. पुढे बाहेरच्या वर्तुळाला एक मिनिट अशी पायरी आली. नंतर फेरी आली. या खेळाच्या नियमकर्त्यांना हा तोल पुन्हा पुन्हा तपासावा लागला. आपणही आपला तोल अधूनमधून तपासायला हरकत नाही.

त्यासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. घटक चाचणीच्या वीस-पंचवीस उत्तरपत्रिका घ्याव्यात. नावे झाकून त्या दोन वेगवेगळ्या नियमांनी तपासाव्यात : एकदा फक्त अंतिम उत्तराला गुण देऊन, एकदा पायरीपायरीला गुण देऊन. मग दोन्ही क्रमवाऱ्या शेजारी-शेजारी लिहाव्यात. वरचे एक-दोन आणि खालचे एक-दोन बहुधा तेथेच राहतील. मधल्यांपैकी किती जण जागा बदलतात ते मोजावे. वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांना ही तपासणी स्वतःच करू दिली तर आणखी चांगले.

विद्यार्थ्यांना सोडवायला दोन प्रश्नही देता येतील. १९६८ च्या शर्यतीत दंडाच्या एका मिनिटाऐवजी नेमके किती सेकंद धरले तर सोलबर्ग आणि तिखोनोव्ह यांची वेळ सारखी येईल? आणि १९७६ मध्ये तिखोनोव्हला सातऐवजी चार मिनिटेच दंड झाला असता, तर तो जिंकला असता का? पहिल्याचे उत्तर ३२.७५ सेकंद. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे, तो ६.०७ सेकंदांनी हरलाच असता. आकडे वर दिलेलेच आहेत, पडताळा घेणे विद्यार्थ्यांवर सोपवावे.